एकाच पाण्यात स्टाउट झकास, पेल एल मात्र दर वेळी खरखरीत. क्षारांचं गणित कुठे चुकतंय?

तळचा_गाळ

मंडळी, डोकं चालेनासं झालंय म्हणून धागा काढतोय.

दीड वर्षं घरी बिअर करतोय, आता सगळ्या बॅच धान्यापासूनच. स्टाउट आणि पोर्टर, म्हणजे काळ्या बिअर, उत्तम होतात, मित्र बाटल्या मागून नेतात. पण फिकट रंगाची पेल एल केली की पहिला घोट बरा, मग जिभेच्या कडा कोरड्या पडतात. चहा फार वेळ उकळला की येतो तसा तुरटपणा. कडवटपणा आहे, पण धारदार नाही, खरखरीत आहे. हॉप्सचा (कडवटपणा देणाऱ्या फुलांचा) वास दबलेला. रंगसुद्धा हिशेबापेक्षा गडद येतो.

यीस्ट बदललं, हॉप्स बदलले, भांडी घासून घासून चकचकीत केली. फरक शून्य. शेवटी नळाचं पाणी प्रयोगशाळेत दिलं. आकडे पीपीएममध्ये (लिटरमागे मिलिग्रॅम):

कॅल्शियम ८४, मॅग्नेशियम २२, सोडियम ४६, क्लोराईड ५०, सल्फेट ३०, एकूण क्षारता, म्हणजे आम्ल मारायची ताकद, २४५ (कॅल्शियम कार्बोनेटच्या रूपात).

सल्फेट कमी दिसलं, म्हणून मागच्या बॅचला ३० लिटर पाण्यात १२ ग्रॅम जिप्सम (कॅल्शियम सल्फेट) टाकलं. बिअर आणखी बिघडली. मॅशचा (गरम पाण्यात भिजवलेल्या धान्याचा) पीएच मोजला होता, ५.६ आला, म्हणजे त्यात गडबड नसावी. मग चुकतंय कुठे?

फेसबहाद्दर

रोग रेड्याला, औषध पखालीला! आणि इथे तर पखालीतच रोग दिसतोय. :-)

जाणकार येईपर्यंत बसायला चटई टाकतो.

गाळणी

तळचा_गाळ, आधी तीन गोष्टी सांगा. पीएच मोजताना नमुना किती गरम होता? स्पार्जला, म्हणजे शेवटी धान्यातली गोडी धुऊन काढायला, कुठलं पाणी वापरता? आणि तुरटपणासोबत औषधासारखा, चिकटपट्टीसारखा वास येतो का?

तळचा_गाळ

गाळणीताई, मीटर सरळ मॅशमध्ये बुडवला होता, ६६ अंशांना. मीटरला तापमानाची आपोआप दुरुस्ती आहे, त्यामुळे चालतं ना? स्पार्जला तेच नळाचं पाणी, गरम करून. औषधाचा वास पहिल्या एकदोन बॅचना होता. तेव्हापासून मेटाबायसल्फाईटची गोळी टाकतो, तो गेला.

गाळणी

नाही चालत. आणि ही चूक मीही वर्षभर केली आहे.

ती दुरुस्ती फक्त इलेक्ट्रोडची असते. गरम असताना इलेक्ट्रोड वेगळा वागतो, तेवढं मीटर सांभाळून घेतो. पण मॅशचा पीएच गरम असताना खरोखरच कमी असतो, ०.२ ते ०.३ ने. त्याला मीटर काय करणार? आपण पुस्तकांत ५.२ ते ५.६ वाचतो तो थंड नमुन्याचा आकडा. म्हणजे तुमचा ५.६ हा प्रत्यक्षात ५.८-५.९ आहे. तिथेच अर्धं उत्तर मिळालं.

स्टीलच्या वाटीत दोन चमचे मॅशचं पाणी घ्यायचं, वाटी थंड पाण्यात धरायची, दोन मिनिटांत २५ अंशांवर येतं. मग मोजा. इलेक्ट्रोडचं आयुष्यही वाढतं, गरम मॅशमध्ये बुडवून ते लवकर मरतात. आणि दर वेळी मोजण्याआधी ४ आणि ७ च्या द्रावणांत मीटर लावून घ्या. कागदी पट्ट्या वापरत असाल तर फेकून द्या.

मोजूनमापून

उरलेलं अर्धं उत्तर क्षारतेत आहे. पण त्याआधी तुमचा अहवालच जुळत नाहीये, तिकडे बघू.

पाण्यात धन आणि ऋण आयनांचा भार सारखाच असला पाहिजे. प्रत्येक आकड्याला त्याच्या तुल्यभाराने (एका भारामागच्या वजनाने) भागायचं. कॅल्शियम ८४ ÷ २० = ४.२. मॅग्नेशियम २२ ÷ १२.१५ = १.८. सोडियम ४६ ÷ २३ = २.०. धन बाजू ८.०.

आता ऋण. क्षारता २४५ ÷ ५० = ४.९. क्लोराईड ५० ÷ ३५.५ = १.४. सल्फेट ३० ÷ ४८ = ०.६. बेरीज ६.९.

८ विरुद्ध ६.९. इतकी तफावत राहू नये, ०.५ च्या आत हवी. माझा संशय सल्फेटवर आहे. काही प्रयोगशाळा सल्फेट हे त्यातल्या गंधकाच्या वजनात देतात. तसं असेल तर तीनने गुणायला लागतं. ३० चे ९० झाले की ९० ÷ ४८ = १.९, आणि ऋण बाजू ८.२. जुळलं. अहवाल नीट बघा.

तळचा_गाळ

बाप रे. तळाशी बारीक अक्षरात आहे: "सल्फेट, गंधकाच्या रूपात". म्हणजे सल्फेट आधीच ९० होतं?

मोजूनमापून

हो. १२ ग्रॅम जिप्समने ३० लिटरमध्ये सल्फेट २२३ ने वाढतं. ९० आणि २२३ मिळून ३१३. क्लोराईड ५०. म्हणजे सहास एक असं प्रमाण, आणि तेही चढ्या पीएचच्या मॅशवर. खरखरीत लागणारच. अति कडक, भरपूर हॉप्सच्या बिअरमध्ये लोक सल्फेट ३०० पर्यंत नेतात, पण ते पीएच ताब्यात असताना.

आता मुख्य मुद्दा. चवीचे क्षार हा शेवटचा मजला आहे. पाया म्हणजे क्षारता. माल्टमध्ये (मोड आणून वाळवलेल्या धान्यात) फॉस्फेट असतात. कॅल्शियम त्यांना धरून खाली बसवतं, त्यात आम्ल मोकळं होतं आणि पीएच उतरतो. क्षारता, म्हणजे मुख्यतः बायकार्बोनेट, हे आम्ल गिळत बसते. या ओढाताणीत काय उरतं, ते पॉल कोलबाख या जर्मन संशोधकाने १९५३ मध्ये सूत्रात बसवलं. आपण त्याला शिल्लक क्षारता म्हणू:

शिल्लक क्षारता = क्षारता − (कॅल्शियम ÷ १.४ + मॅग्नेशियम ÷ १.७)

तुमची: २४५ − (६० + १३) = १७२.

फिकट बिअरला शून्याच्या आसपास हवी, खाली गेली तरी चालते. काळ्या बिअरला १७२ चालून जाते, कारण भाजलेलं माल्ट स्वतःच आंबट असतं. म्हणून तुमची स्टाउट जमते. तुमचं कौशल्य कमी लेखत नाही, पण तिथे पाण्याने तुमचं काम परस्पर करून टाकलंय. पेल एलमध्ये तसं आंबट माल्ट नाही, क्षारतेला अडवणारं कुणी नाही. पीएच वर राहतो, सालींतलं टॅनिन उतरतं, रंग गडद होतो, हॉप्सचा कडवटपणा राकट होतो. तुमची चारही लक्षणं एकाच कारणाची.

जिप्समने पीएच थोडा उतरला असेल, पण तेवढ्या कॅल्शियमनंतरही शिल्लक क्षारता शंभराच्या वरच होती.

फेसबहाद्दर

म्हणूनच जुन्या गावांच्या बिअर तशा झाल्या ना? डब्लिनचं पाणी बायकार्बोनेटवालं, तिथे काळी स्टाउट. पिल्सेनचं पाणी जवळजवळ पावसाचं, तिथे १८४२ मध्ये योझेफ ग्रोलने सोनेरी लागर काढली. बर्टन-अपॉन-ट्रेंटच्या विहिरी जिप्समच्या थरातल्या, सल्फेट ६०० च्या वर, तिथली पेल एल जगभर गेली. मग बाकीच्यांना पोटदुखी. १८७८ मध्ये व्हिन्सेंट नावाच्या रसायनतज्ज्ञाने पाण्यात जिप्सम घालून 'बर्टन' करायची रीत काढली. तळचा_गाळ, तुम्ही नकळत दीडशे वर्षांच्या परंपरेत बसलात!

अवांतर: पीएच हे मापसुद्धा बिअरवाल्यांच्याच घरचं. सोरेनसेनने १९०९ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत काढलं.

मोजूनमापून

इतिहास बरोबर, पण नवीन लोकांनी त्यावरून 'बर्टनचं पाणी', 'डब्लिनचं पाणी' असे आकडे उचलून आपल्या भांड्यात ओतू नयेत. विहिरीतलं पाणी आणि प्रत्यक्ष मॅशमध्ये पडणारं पाणी एकच असेल असं नाही, ते लोकही पाणी उकळत, निवळत. गावाची नक्कल करण्यापेक्षा बिअरला काय हवं ते बघा.

नवशिक्या१

मध्येच विचारतो, क्षमा असावी. घरात पाणी मऊ करणारं यंत्र बसवलेलं असेल तर ते पाणी वापरून सगळं सुटेल ना? आणि ते क्लोराईड म्हणजे नळाच्या पाण्यातलं क्लोरीनच का? ते तर काढून टाकायचं असतं असं वाचलंय.

गाळणी

मऊ करणारं यंत्र म्हणजे आगीतून फुफाट्यात. ते कॅल्शियम काढून घेतं आणि बदल्यात सोडियम देतं. क्षारतेला हातही लावत नाही. हवं ते गेलं, नको ते राहिलं, वर खारटपणा.

क्लोरीन आणि क्लोराईड वेगळे. क्लोराईड हा मिठातला भाग, तो चवीला गोलाई, भरीवपणा देतो, हवा असतो. क्लोरीन आणि क्लोरामाइन ही जंतू मारायला घातलेली द्रव्यं. ती माल्टमधल्या फिनॉलशी जुळली की औषधी वास येतो, आणि तो इतक्या कमी प्रमाणात जाणवतो की सगळी बॅच गेली असं समजा. क्लोरीन उकळून किंवा रात्रभर ठेवून उडतं, क्लोरामाइन चिवट असतं. म्हणून मेटाबायसल्फाईटची एक गोळी साधारण ७५ लिटरला. तळचा_गाळ यांच्या ३० लिटरला अर्धी पुरून उरते. चुरडून ढवळा, काही मिनिटांत काम होतं.

नवशिक्या१

धन्यवाद ताई. मी एक्स्ट्रॅक्टने (माल्टच्या तयार पाकाने) करतो, मलाही हे सगळं मोजावं लागेल का?

गाळणी

नाही. एक्स्ट्रॅक्ट बनवणाऱ्याचं मॅशिंग झालेलं असतं आणि त्याच्या पाण्याचे क्षार त्या डब्यात आलेलेच असतात. तुम्ही कमी क्षारांचं पाणी वापरा, गोळी टाका, बास. चवीपुरतं एखादा ग्रॅम जिप्सम, वाटलं तर.

अर्धाचमचा

मी आळशी माणूस आहे, माझा उपाय सांगतो. नळ विसरून जा. पूर्ण आरओचं पाणी घ्या, त्यात जवळपास काही नसतं, मग हवं ते घाला. ३० लिटरला ६ ग्रॅम जिप्सम आणि ३ ग्रॅम कॅल्शियम क्लोराईड. कॅल्शियम ७४, सल्फेट ११२, क्लोराईड ४८. पेल एल होते. भरीव, गढूळसर आयपीए (जास्त हॉप्सची पेल एल) हवी तर दोघांची अदलाबदल. अहवाल नको, आयनांचा ताळेबंद नको.

मोजूनमापून

हे खरंच चालतं, आणि बहुतेकांनी असंच करावं. एक पुस्ती: फिकट माल्टच्या मॅशला त्यावर थोडं आम्ल लागतंच. नुसत्या कॅल्शियमने पीएच ५.४ ला येईल या भरवशावर राहू नका.

ज्यांना स्वतःचा हिशेब करायचाय त्यांच्यासाठी, १० लिटरला १ ग्रॅम टाकल्यावर होणारी वाढ:

जिप्सम: कॅल्शियम २३, सल्फेट ५६
कॅल्शियम क्लोराईड, दोन रेणू पाण्याचं: कॅल्शियम २७, क्लोराईड ४८
इप्सम सॉल्ट: मॅग्नेशियम १०, सल्फेट ३९
मीठ, आयोडीन नसलेलं: सोडियम ३९, क्लोराईड ६१
खाण्याचा सोडा: सोडियम २७, बायकार्बोनेट ७३

मॅग्नेशियम माल्टमधूनच पुरेसं येतं, इप्समच्या मागे लागू नका. ते रेचक आहे हे विसरू नका. :-) खडू, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, पाण्यात विरघळतच नाही, त्याचे हिशेब कागदावरच राहतात.

आणखी एक. 'सल्फेटला क्लोराईड दोनास एक' असं सगळे घोकतात. १० ला ५ हेही दोनास एक, २०० ला १०० हेही. पहिल्यात जिभेला काहीच कळणार नाही. आधी प्रमाणापेक्षा आकडे बघा.

तळचा_गाळ

सगळं आरओ घेणं जड जातं, माझं यंत्र थेंब थेंब देतं. नळाचं पाणी उकळून किंवा सरळ आम्ल घालून नाही का भागणार?

मोजूनमापून

उकळून अर्धवट. उकळल्यावर कॅल्शियम आणि बायकार्बोनेट जोडीने चुनखडी होऊन खाली बसतात. तुमच्याकडे कॅल्शियम आधी संपेल. क्षारता ८०-१०० पर्यंत उतरेल, कॅल्शियम २० वर येईल, ते परत भरायचं. शिवाय गाळावरून पाणी अलगद काढून घ्यायचं. ३० लिटर एकदा जास्त उकळायची हौस असेल तर करा.

नुसतं आम्ल: ८८ टक्क्यांचं लॅक्टिक ॲसिड १ मिलि, २० लिटरची क्षारता सुमारे ३० ने उतरवतं. तुम्हाला ३० लिटरमध्ये दोनशेने उतरवायची आहे, म्हणजे १० मिलिच्या वर. तेवढं लॅक्टेट बिअरमध्ये ४०० पीपीएमच्या पुढे जातं आणि जिभेला जाणवायला लागतं. फॉस्फोरिक आम्ल चवीला जास्त निमूट आहे, ते मिळत असेल तर बघा.

मी असतो तर एक भाग नळ, तीन भाग आरओ. क्षारता ६१, कॅल्शियम २१, मॅग्नेशियम ५.५, सल्फेट २२, क्लोराईड १२. ३० लिटरला ५ ग्रॅम जिप्सम, ३ ग्रॅम कॅल्शियम क्लोराईड. शेवटी कॅल्शियम ८७, सल्फेट ११५, क्लोराईड ६१. शिल्लक क्षारता उणे ४. मग मॅश मोजून २-३ मिलि लॅक्टिक.

गाळणी

स्पार्जचं पाणीही त्याच मिश्रणाचं घ्या. शेवटी शेवटी धान्यात आम्ल उरत नाही, तेव्हा क्षारतेचं पाणी पडलं की पीएच ६ च्या वर चढतो. तुमचा तुरटपणा निम्मा तिथून आला असणार. त्यात आम्लाचे थेंब टाकून ५.५ ते ६ च्या मध्ये आणा.

कॅल्शियम क्लोराईडबद्दल अनुभवाचे बोल. ते हवेतलं पाणी ओढतं. माझं पाकीट एकदा नीट बंद झालं नाही, दोन महिन्यांनी उघडलं तर ओले गोळे. वजन ३ ग्रॅमच दाखवत होतं, पण त्यात क्षार किती आणि पाणी किती देव जाणे. ती बिअर पाणचट झाली आणि मी बिचाऱ्या माल्टला दोष देत बसले. आता नवं पाकीट फोडल्या फोडल्या १०० ग्रॅम पाण्यात विरघळवून ५०० मिलि करून ठेवते. ५ मिलि म्हणजे १ ग्रॅम. विरघळताना भांडं तापतं, हळू घाला. आणि खाण्याच्या दर्जाचंच घ्या, कपाटातली ओल शोषायला मिळतं ते नाही.

जिप्समचं असं द्रावण होत नाही, लिटरला दोन-अडीच ग्रॅमच्या पुढे विरघळतच नाही. ते मॅशमध्ये धान्यासोबत टाकून ढवळा.

आणि चव शिकायची असेल तर बॅच कशाला वाया घालवायची? १ ग्रॅम कॅल्शियम क्लोराईड १०० मिलि पाण्यात. तयार बिअरच्या २०० मिलि ग्लासात त्यातलं १ मिलि घातलं की क्लोराईड २४ ने वाढतं. दोन ग्लास शेजारी ठेवा, एकात घाला, एकात नको. सल्फेटसाठी तसंच इप्समचं. मॅशचा पीएच यातून कळणार नाही, पण 'गोलाई' म्हणजे काय ते एका संध्याकाळी कळतं. माझ्या नवऱ्याला तिसऱ्या मिलिलाच मिठाचा भास व्हायला लागला, मी सहापर्यंत गेले.

अर्धाचमचा

हा प्रयोग म्हणजे बिअर प्यायचा सगळ्यात शास्त्रीय बहाणा. आजच करतो.

तळचा_गाळ

सहा आठवड्यांनी धागा वर काढतोय. मोजूनमापून यांचं मिश्रण जसंच्या तसं केलं. ५ किलो माल्ट, त्यात थोडं कॅरामेल माल्ट. वाटीत थंड करून मोजलं: ५.५८. २.५ मिलि लॅक्टिक घातलं, दहा मिनिटांनी परत मोजलं: ५.४२. स्पार्जच्या पाण्यात थेंब थेंब करून ५.७.

वर्ट (मॅशमधून गाळलेलं गोड पाणी) भांड्यात उतरतानाच रंग वेगळा दिसला, फिकट. उकळताना गाळ मोठ्या चोथ्यासारखा जमला, एरवी धूळ असायची. काल पहिली बाटली उघडली. तुरटपणा नाही. कडवटपणा येतो आणि जातो, चिकटून बसत नाही. तेच हॉप्स, तेवढेच ग्रॅम, आणि वास आता ग्लास नाकाशी नेण्याआधी येतो. बायको म्हणाली, "ही तू केलीस?" शेवट किंचित पाणचट वाटला, पुढच्या वेळी जिप्सम एक ग्रॅम कमी, क्लोराईड एक ग्रॅम जास्त.

पुढच्या आठवड्यात स्टाउट आहे. तीही याच मिश्रणात करू का?

मोजूनमापून

नको. काळ्या माल्टला अडवायला तिथे काही उरणार नाही, पीएच ५.२ च्या खाली जाईल आणि बिअर आंबूस, पातळ लागेल. मग सोडा घालत बसाल. तुमच्या नळातच ते फुकट येतंय.

तळचा_गाळ

म्हणजे स्टाउटला सरळ नळ उघडायचा. दीड वर्षं बरोबरच करत होतो तर!

गाळणी

अर्धी गोळी विसरू नका.